बिबड्यांना नाव हवं का? साधी पिशवी की लोगोवालं पाकीट

जळगावात घरी बिबडे (ज्वारीचे पापडासारखे) नि पापड करून विकणाऱ्यांना हा प्रश्न पडतोच, आधी लोगो करायचा की साध्या पिशवीत भागवायचं. गल्लीत, नात्यात विकणार असाल तर साधी पिशवीच बरी, खर्च नाही आणि लोक तसंही "त्या कोपऱ्यावरच्या मावशींचे" असंच म्हणतात, तेच नाव झालं ना. (भरीताच्या गाडीवरचा बोर्ड तरी कोण वाचतं, वास आला की गर्दी!)

पण माल पुण्या-नाशिकला जायला लागला की गोष्ट वेगळी, तिथे मावशी कोणाला माहीत, पाकिटावर नाव आणि फोन नंबर नसेल तर ज्याला आवडले तो परत मागवणार कुठून? म्हणून माझ्या मते नाव आधी, लोगो नंतर. लोगो कसाही चालतो, नाव मात्र सोपं हवं आणि दुसऱ्याशी मिळतंजुळतं नको. ते जमलं की ट्रेडमार्क करा, म्हणजे नावाची सरकारी नोंदणी, एकट्या माणसाला ऑनलाइन एका वर्गाची (म्हणजे मालाच्या एका प्रकाराची) सरकारी फी ४५०० रुपये, नोंदणी १० वर्षं चालते. जळगावच्या भरीताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते सगळ्या भागाचं, तुमच्या एकट्याच्या पाकिटाचं नाही.

आमच्याकडे पहिली दोन वर्षं नुसता रबरी शिक्का होता, ऑर्डरी त्यावरच आल्या.