नमुन्याची पुडी खरी, मोठी पुडी खोटी

गाड्या आणि मोटरसायकली खास फिनिशमध्ये रंगवणाऱ्यांसाठी आणि असं काम करून घेणाऱ्यांसाठीही हे लिहितो आहे. पाहण्याचा कोन बदलला की रंग बदलणारं, आपण ज्याला कॅमेलिऑन म्हणतो ते पिगमेंट (रंगात मिसळायची भुकटी) म्हणून मला साधं पर्ल (मोत्यासारखी झळाळी देणारी भुकटी) विकलं गेलं. विक्रेत्याचं नाव देत नाही. तो नाव बदलून पुन्हा दुकान मांडतो, त्यामुळे त्याची पद्धत लक्षात ठेवणं जास्त कामाचं आहे.

ग्राहकाला मोटरसायकलची टाकी, साइड पॅनल आणि मडगार्ड हिरव्यातून निळ्यावरून जांभळ्यात जाणाऱ्या रंगात हवे होते. मी आधी नमुन्याची छोटी पुडी मागवली. ती काळ्या बेसवर (खालच्या रंगाच्या थरावर), माझ्या नेहमीच्या क्लिअरखाली (वरच्या पारदर्शक थराखाली), एका पत्र्यावर मारून पाहिली. समोरून गर्द हिरवा, तिरका केला की निळा, अगदी कडेने पाहिला की जांभळा. ग्राहकाने पत्रा उन्हात फिरवून पाहिला आणि तिथल्या तिथे होकार दिला. मग त्याच विक्रेत्याकडून, त्याच कोडची मोठी पुडी मागवली. तोच फोटो, तेच वर्णन, तसंच लेबल. कोरडी भुकटी बोटाने काळ्या पत्र्यावर घासली तर हिरवी झळाळी आली, जशी नमुन्याची आली होती. काळा बेस, त्यावर पिगमेंटचे हात (थर), त्यावर क्लिअर असं सगळं एका बैठकीत झालं. ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात ओला रंग निळ्याकडे झुकतोय असंही वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी टाकी उन्हात आणली. समोरून हिरवी होती, पण तिरकी केल्यावर हिरवा निळ्यात न जाता विझत होता आणि खालचा काळा बेस दिसायला लागत होता. जांभळ्याचा पत्ताच नव्हता.

हे का होतं ते नीट सांगतो, कारण फसवणुकीची गोम इथेच आहे. खऱ्या कॅमेलिऑन पिगमेंटचा कण म्हणजे जेमतेम 1 मायक्रॉन (मिलीमीटरचा हजारावा भाग) जाडीची, अनेक थरांची चकती असते. क्रोमाफ्लेअर या प्रसिद्ध पिगमेंटमध्ये मधोमध अपारदर्शक ॲल्युमिनिअम, त्याच्या दोन्ही बाजूंना मॅग्नेशिअम फ्लोराइडचा पारदर्शक थर आणि सगळ्यात बाहेर क्रोमिअमचा अर्धपारदर्शक पापुद्रा असे पाच थर असतात. ओल्या रस्त्यावरच्या तेलाच्या तवंगात जे रंग दिसतात तेच इथे घडतं: थरांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात आणि पाहण्याचा कोन बदलला की दिसणारा रंग सरकतो. हे थर निर्वात कक्षात चढवावे लागतात आणि जाडी जराही इकडेतिकडे चालत नाही. म्हणून हा माल महाग असतो. फोर्डने 1996 च्या मस्टँग कोब्रावर दिलेला मिस्टिक रंग याच जातीचा होता.

पर्लची गोष्ट वेगळी. तिथे अभ्रकाच्या पापुद्र्यावर टायटॅनिअम डायऑक्साइडचा थर असतो. तो थर जाड होत जाईल तसा परावर्तित रंग चंदेरी, सोनेरी, तांबडा, निळा, हिरवा असा बदलत जातो. पण एका पुडीत एकच जाडी असते, म्हणून रंगही जवळपास एकच दिसतो. शिवाय अभ्रक पारदर्शक. हिरवं पर्ल काळ्या बेसवर मारलं की समोरून हिरवं दिसतं आणि कोन बदलल्यावर नाहीसं होऊन काळं उरतं. न जाणणाऱ्याला वाटतं, बघा, रंग बदलला! फोटोत तर हा फरक कळणं आणखी अवघड. पर्ल वाईट असतं असं मी म्हणत नाही. पांढऱ्या बेसवरचं चांगलं पर्ल मला स्वतःला फार आवडतं. पण ते पर्ल म्हणून आणि पर्लच्या भावात विकावं.

आता विक्रेत्याची उत्तरं सांगतो, कारण ती जवळजवळ प्रत्येकाला मिळतात. पहिलं उत्तर आलं की बेस पुरेसा काळा नसेल. मग स्प्रे गनचा दाब जास्त असेल. मग पिगमेंट नीट ढवळलं नसेल. यातलं प्रत्येक उत्तर अर्धं खरं आहे आणि म्हणूनच ते चालून जातं. बेसचा रंग बदलला की परिणाम बदलतो. दाब जास्त असला, गन लांब धरली, तर रंग पृष्ठभागावर कोरडा पडतो, चकत्या आडव्या बसत नाहीत आणि कोनाचा खेळ मंदावतो. पिगमेंट तळाशी बसतं हेही खरं. आपल्या कामात इतक्या गोष्टी हातावर अवलंबून असतात की माल खोटा निघाला तरी दोष पेंटरच्या हातावर ढकलता येतो. या धंद्यातल्या फसवणुकीचं सगळं बळ इथे आहे. नवा पेंटर अशा वेळी स्वतःवरच संशय घेतो, पुन्हा माल मागवतो, पुन्हा मारून बघतो.

त्याचे पुढचे दोन सल्ले मात्र निव्वळ घातक होते. एक म्हणजे क्लिअर पूर्ण मुरेपर्यंत थांबा, मग जांभळा उठेल. क्लिअरने खोली आणि चमक वाढते हे कबूल, पण पिगमेंटमध्ये नसलेला रंग क्लिअर कुठून आणणार? हा सल्ला तक्रारीची मुदत संपवण्यासाठी असतो. दुसरा सल्ला, क्लिअर घासून वर अजून हात द्या. हे कधीही करू नका. अभ्रकाचे कितीही हात दिले तरी ते अभ्रकच राहणार. वर थर जाड होत जातो, आतला थिनर नीट उडत नाही, मग क्लिअरमध्ये बारीक फोड येतात आणि टाकीच्या झाकणाभोवती, मडगार्डच्या कडेला रंगाचे टवके उडायला लागतात. कंपनीतून आलेल्या गाडीवर सगळे थर मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरतात. खास फिनिशमध्ये आपण तसेही त्याच्या वर जातो, त्यात हे आणखी.

वाद घालत बसण्यापेक्षा मी हात हा मुद्दाच बाजूला काढला. नमुन्याच्या पुडीतलं थोडं पिगमेंट मी राखून ठेवलं होतं. एका सपाट पत्र्यावर एकाच डब्यातला काळा बेस मारला आणि मधोमध मास्किंग टेपने दोन भाग केले. एका भागात नमुन्याचं पिगमेंट, दुसऱ्यात मोठ्या पुडीतलं. वजन करून तेवढंच, क्लिअर तेच, गन तीच, दाब तोच, हातही तेवढेच. दुसऱ्या पत्र्यावर डावी-उजवी बाजू बदलली, म्हणजे हात एका बाजूला जड पडला असं कोणी म्हणायला नको. दोन्ही पत्रे उन्हात ठेवून एका चौकटीत फोटो काढले, समोरून आणि तिरके. नमुन्याचा अर्धा भाग जांभळा झाला, मोठ्या पुडीचा अर्धा भाग काळा पडला. टेपची रेघ इतकी ठळक उठली की शब्दांची गरज नव्हती.

त्यानंतर पांढऱ्या बेसवर तेच केलं. माझ्या मते सगळ्यात पक्की परीक्षा हीच. ॲल्युमिनिअमचा गाभा असलेलं पिगमेंट अपारदर्शक असल्यामुळे पांढरा झाकत जातं आणि वर स्वतःचे रंग दाखवतं. हिरवं पर्ल पांढरा झाकत नाही. समोरून हिरवट झाक देतं आणि बाजूने फिकट गुलाबी दिसतं, कारण हिरवा परावर्तित झाल्यावर उरलेला प्रकाश खालच्या पांढऱ्यावर आदळून परत येतो. एक खुलासा करायला हवा: सिलिकाच्या पापुद्र्यांवर बनवलेली काही चांगली पिगमेंट पारदर्शक असूनही खरोखर रंग बदलतात. तेव्हा पांढरा झाकला नाही एवढ्यावरून कोणाला चोर ठरवू नका. पण वर्णनात ॲल्युमिनिअमच्या गाभ्याचं, काळ्या बेसवर पूर्ण झाकणारं असं लिहिलं असेल आणि पांढऱ्यावर गुलाबी दिसत असेल, तर पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही.

मोबाइलला लावायच्या सूक्ष्मदर्शकाखालीही पाहिलं. मोठ्या पुडीत बहुतेक कण काचेसारखे आरपार होते आणि मधूनच एखादा आरशासारखा. म्हणजे थोडं खरं पिगमेंट त्यात मुद्दाम मिसळलेलं होतं, बोटाने घासून पाहणाऱ्याला फसवण्यापुरतं.

फोटो पाठवल्यावर सूर बदलला. आधी लॉट वेगळा आहे म्हणाला. मग सांगितलं की उघडलेली पुडी परत घेत नाही. पुडी उघडल्याशिवाय तपासता येत नाही आणि उघडली की परत घेत नाहीत, हा सापळा वर्णनाच्या तळाशी बारीक अक्षरात आधीपासून लिहून ठेवलेला होता. शेवटी त्याने माझा नंबरच ब्लॉक केला. पैसे बुडाले ते बुडाले, पण त्याहून जास्त जाचलं ते ग्राहकाचं काम. धातूच्या टाकीचा रंग पेंट रिमूव्हरने काढता आला. साइड पॅनल प्लास्टिकचे, त्यांना रिमूव्हर लावला तर प्लास्टिकच मऊ पडतं, म्हणून ते सगळे सँडपेपरने घासून उतरवावे लागले. ग्राहकाने ते पत्रे पाहिले आणि थांबायची तयारी दाखवली. त्या माणसाचे मी आभार मानले, कारण दुसरा कोणी असता तर माझ्यावरच तुटून पडला असता आणि त्याला तसं वाटणं साहजिकही होतं.

याच वाटेने आणखी काय काय विकलं जातं तेही थोडक्यात सांगतो. मेटल फ्लेक म्हणून हस्तकलेची चमकी खपवतात. खरा फ्लेक म्हणजे ॲल्युमिनिअमचा मुलामा दिलेली पॉलिस्टरची फिल्म, तीही थिनरला टिकणारी. चिमूटभर फ्लेक आपल्या वापरातल्या थिनरमध्ये काचेच्या बाटलीत टाकून दोन दिवस ठेवा. थिनरला रंग चढला किंवा कण गुंडाळले गेले तर तो माल गाडीवर चढवू नका. लाल चमकीचा रंग सुटला की वरचं सगळं क्लिअर गुलाबी होतं आणि ते मागे घेता येत नाही.

कँडीत लबाडी उशिरा कळते. कँडी म्हणजे चंदेरी किंवा सोनेरी बेसवर पारदर्शक रंगाचे हात. प्रत्येक हाताने रंग गडद होतो, म्हणून नंतर एक ओरखडा दुरुस्त करायचा तरी बहुधा पूर्ण पॅनल पुन्हा करावा लागतो. स्वस्त कँडीत निव्वळ विरघळणारा डाय असतो. तो सुरुवातीला डोळे दिपवतो आणि उन्हात फिका पडतो. वर पांढरी पट्टी किंवा ग्राफिक काढलं तर डाय वर चढून पांढऱ्यालाही रंगवतो. रंगवलेल्या पत्र्याचा अर्धा भाग ॲल्युमिनिअम फॉइलने झाकून काही आठवडे उन्हात ठेवा आणि मग फॉइल काढा; उघडा भाग फिका पडला असेल तर मधे रेघ दिसेल. बाटलीवर काय छापलं आहे त्यापेक्षा ही रेघ खरी.

काम करून घेणाऱ्यांनी एवढं पाहावं की दाखवलेला पत्रा आपल्याच गाडीवर मारायच्या मिश्रणातला आहे. जुना, दुसऱ्या कोणाच्या गाडीसाठी केलेला पत्रा दाखवला जात असेल तर नवा मागा, उन्हात बघा आणि त्याचा एक तुकडा स्वतःकडे ठेवा. टाकीवरचं क्लिअर हार्डनर (क्लिअर कडक करणारं रसायन) घालून मारणार का, हेही विचारा. हार्डनर नसलेलं क्लिअर पेट्रोलचे थेंब पडले की झाकणाभोवती मऊ पडून सुरकुततं. त्या हार्डनरमधलं आयसोसायनेट फुप्फुसाला अपायकारक असतं आणि त्याने दमा जडू शकतो. म्हणून कोणी पेंटर साध्या कापडी मास्कवर फवारणी करताना दिसला तर त्याला जरूर टोका.

माल मागवणाऱ्यांनी पुडी फोडतानाचा अखंड व्हिडिओ काढावा. त्यात लेबल, सील आणि काट्यावरचं वजन एकाच फटक्यात दिसलं पाहिजे. त्याच दिवशी मोठ्या पुडीतलं पिगमेंट आणि राखलेला नमुना एका पत्र्यावर शेजारी शेजारी मारावेत, काळ्यावर आणि पांढऱ्यावर. पैसे अशा मार्गाने द्यावेत जिथे तक्रार केल्यावर ते परत मिळू शकतात. विक्रेत्याने तो मार्ग सोडून थेट पैसे मागितले तर सौदा तिथेच सोडावा.

त्याचा तोच व्हिडिओ आता दुसऱ्या नावाखाली फिरतो आहे. एका हातात गोलसर काळा नमुना, फिरता दिवा, मागे अंधार. गोलसर वस्तूवर आणि फिरत्या दिव्याखाली साधं पर्लही रंग बदलल्यासारखं दिसतं. अशा विक्रेत्याकडे सपाट पत्रा, ऊन आणि न तोडलेला एक सलग व्हिडिओ मागा. पिगमेंट बनवणाऱ्या कंपनीचा मूळ कोड आणि तांत्रिक माहितीपत्रकही मागा. पुनर्विक्री करणारा प्रामाणिक असेल तर या गोष्टी त्याच्याकडे असतात. मी आता ज्याच्याकडून घेतो त्याने कोड आणि पत्रक विचारताच पाठवलं, आणि पांढऱ्या बेसवरचा पत्रा तर मी न मागताच दाखवला.