बिल्डुंगवरचा ऑनलाइन कोर्स: पहिला अर्धा पैसा वसूल, पुढे गाडी घसरली

साइटचं नाव नाही घेत. शिक्षणाच्या तत्त्वज्ञानावरचे रेकॉर्डेड कोर्स विकतात, त्यातला हा बिल्डुंगवरचा. म्हणजे नोकरीपुरतं शिकून न थांबता माणसाने स्वतःला घडवत राहायचं, ही जर्मनांची लाडकी कल्पना, आणि तिचा आज नव्याने विचार करू असं जाहिरातीत लिहिलंय.

विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट या जर्मन विचारवंतावरची लेक्चर्स एक नंबर आहेत. 1806 ला नेपोलियनने प्रशियाला, म्हणजे तेव्हाच्या मोठ्या जर्मन राज्याला, झोडपलं, हाले युनिव्हर्सिटीसुद्धा हातची गेली, आणि अशा पडझडीत 1809 ला शिक्षणखातं या माणसाकडे आलं, दीड वर्षही टिकला नाही पण तेवढ्यात शाळांचा आराखडा केला आणि बर्लिन युनिव्हर्सिटी उभी करून दिली. सुतार ग्रीक शिकला तर ते वाया जात नाही, जसं पंडिताला टेबल बनवता येणं वाया जात नाही, असं त्या आराखड्यात चक्क लिहिलंय, आणि सर त्यावर मस्त रमतात. (याच हुम्बोल्टने पुढे बर्लिनच्या अकादमीत भगवद्गीतेवर व्याख्यानं दिली आणि तत्त्वज्ञ हेगेलने त्यावर खरमरीत परीक्षण लिहिलं, ते मात्र कोर्समध्ये कुठेच नाही, राव!)

पण नव्याने विचार म्हणतात तो कुठाय? सुतार राहिला बाजूला, 1834 पासून प्रशियात आबिटुर, म्हणजे शाळा संपतानाची परीक्षा, पास असल्याशिवाय युनिव्हर्सिटीत एन्ट्री नाही, म्हणजे स्वतःला घडवायची गोष्ट शेवटी सर्टिफिकेटवरच आली ना. बायकांना तर तिथे रीतसर अ‍ॅडमिशन 1908 ला मिळाली. हे सगळं एका स्लाइडवर उरकलंय. गोएथे-शिलर या थोर साहित्यिकांच्या वायमार गावापासून नाझींची बुखेनवाल्डची छळछावणी काही किलोमीटरवर, एवढी संस्कृती पचवलेल्या समाजात हे कसं झालं हा खरा प्रश्न, त्याला पाच मिनिटं. जर्मन तत्त्वज्ञ अडोर्नोने 1959 मध्ये अर्धवट शिकलेपणावर जे लिहिलं त्याचं नुसतं नाव घेऊन पुढे.

आणि कहर म्हणजे शेवटची क्विझ. 'बिल्डुंगचं अंतिम ध्येय कोणतं?' खाली चार पर्याय, ऐंशी टक्के मिळाले तरच सर्टिफिकेट, आणि ते लगेच लिंक्डइनवर टाका म्हणून मागे लागतात. अरे, कोर्स कशावर आहे ते तरी बघा!

ऑडिओ क्लिअर आहे, पण सबटायटल्स बहुतेक मशीनने केलेत, जर्मन नावांची पार वाट लागलीय. हुम्बोल्टपुरता घ्यायचा असेल तर सेल लागल्यावर घ्या, फुल प्राइसला नको.