आय सेव्हनच्या नावाखाली गळ्यात मारलेला जुना कॉम्प्युटर

वेब डेव्हलपमेंट शिकून घरूनच काम धरणारी पोरं आता सोलापुरात गल्लोगल्ली दिसतात, आणि त्यांच्या घरच्यांच्या पैशांवर काही दुकानदार टपून बसलेत. आमच्या घरी जे झालं ते तुमच्याकडे होऊ नये म्हणून लिहितेय.

धाकट्या भावाला पुण्याच्या एका कंपनीचं काम मिळालं. आई विड्या वळते. तिने बचत गटातून कर्ज काढलं आणि शहरातल्या एका दुकानातून आम्ही ४२ हजारांचा असेंबल्ड, म्हणजे सुटे भाग जोडून बनवलेला, कॉम्प्युटर आणला. "अक्का, आय सेव्हन आहे, सोळा जीबी रॅम, वर ग्राफिक्स कार्ड पण टाकून देतो. पाच वर्षं बघायला नको," असं दुकानदार म्हणाला. आय सेव्हन हे इंटेल कंपनीच्या प्रोसेसरचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेंदूचं नाव. व्हॉट्सॲपवरच्या कोटेशनमध्येही त्याने "सगळं नवीन, तीन वर्षं वॉरंटी" असं लिहून दिलंय.

काम सुरू झालं आणि व्हीएस कोड, डॉकर ही कामाची सॉफ्टवेअर आणि क्रोम ब्राउझर एकत्र उघडलं की मशीन गपगार. भावाच्या मित्राने कॅबिनेट उघडलं. प्रोसेसरवरचा पंखा काढला तर खालची, उष्णता पंख्याकडे नेणारी पेस्ट वाळून पापुद्रे धरलेली. ती पुसल्यावर अक्षरं दिसली: आय सेव्हन ३७७०. हा प्रोसेसर बाजारात आला २०१२ साली! रॅम डीडीआर थ्री, म्हणजे जुन्या पिढीची. एसएसडी, म्हणजे फाईली साठवायची डिस्क, क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये तपासली तर ती आधीच १८ हजार तासांच्या वर चाललेली. कुठल्यातरी ऑफिसातून निघालेला माल लाईटवाल्या नव्याकोऱ्या कॅबिनेटमध्ये भरून दिला होता.

सगळी लबाडी त्या नावात आहे. आय सेव्हन हे नाव २००८ पासून चालत आलंय. कितव्या पिढीचा प्रोसेसर ते पुढच्या आकड्यावरून कळतं: ३७७० म्हणजे तिसरी पिढी, १२१०० म्हणजे बारावी. बाराव्या पिढीची साधी आय थ्री या जुन्या आय सेव्हनला आरामात मागे टाकते. शिवाय मोजके अपवाद सोडले तर इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालतच नाही, आणि विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आमच्या मशीनवर विंडोज ११ पळवाट काढून टाकलेलं होतं, तेही पायरेटेड. ग्राफिक्स कार्डाचं म्हणाल तर वेबसाईटच्या कामाला त्याची गरजच नसते. तेच पैसे रॅम आणि एनव्हीएमई, म्हणजे जास्त वेगवान, एसएसडीत घातले असते तर भावाला रोज उपयोग झाला असता.

दुकानात गेलो तर उत्तर काय, "आय सेव्हन सांगितला, आय सेव्हनच दिला की ओ. असेंबल्डमध्ये असंच असतंय." माझ्या आईची मजुरी हजार विड्यांमागे ठरते. त्यात खराब म्हणून बाजूला काढलेल्या विडीचा पैसा तिला मिळत नाही. आणि हा माणूस तिच्याच पैशांत बारा-तेरा वर्षांपूर्वीचा माल नवा म्हणून खपवतो. याची चीड येते.

म्हणून सांगते, कोटेशनमध्ये प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी या प्रत्येकाचा पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या. नुसतं "आय फाईव्ह, ५१२ एसएसडी" चालवून घेऊ नका. प्रोसेसरचा सीलबंद बॉक्स तुमच्यासमोर फोडायला लावा आणि रिकामे बॉक्स घरी आणा, कारण सिरीयल नंबर त्यांच्यावर असतात. पैसे चुकते करण्याआधी मशीन सुरू करून कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो, त्यात परफॉर्मन्समध्ये प्रोसेसरचं खरं नाव दिसतं. दुकानदार यातल्या कशालाही कां-कूं करायला लागला तर उठून बाहेर या.

बिल जीएसटीचंच घ्या. आमच्या हातात त्याने कच्ची चिठ्ठी टेकवली होती, "कॉम्प्युटर सेट, १ नग", बस. तरीही यूपीआयची नोंद आणि ते व्हॉट्सॲप कोटेशन पुरावा म्हणून कामी आलं. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर आम्ही तक्रार नोंदवली आहे. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. तिथे पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही, मात्र दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. असंच मशीन तुमच्याकडे आलं असेल तर दुकानदाराशी झालेलं चॅट डिलीट करू नका.