‘फुल टँग’ म्हणून घेतलेला चाकू चौथ्या घावाला मोडला

मनगटाएवढं वाळकं लाकूड होतं. चाकूची धार त्याच्या टोकावर टेकवून मी पात्याच्या पाठीवर दुसऱ्या लाकडाने घाव घालत होते. चौथ्या घावाला काडी मोडल्यासारखा बारीक आवाज आला. मूठ माझ्या हातात राहिली, पातं लाकडातून उसळलं आणि समोर बसलेल्या मैत्रिणीच्या नडगीपासून वीतभर अंतरावर मातीत पडलं. कोणाला लागलं नाही, पण त्या रात्री माझे हात बराच वेळ थरथरत होते. दुसऱ्या कोणावर ही वेळ येऊ नये म्हणून सगळं सविस्तर सांगते आहे.

चाकू ऑनलाइन जाहिरात बघून घेतला होता. ‘फुल टँग, दमास्कस, ४४० सर्जिकल स्टील, जंगलात जगण्यासाठी एकच साधन’ असा मजकूर होता. पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी, पाठीवर करवतीचे दात, मुठीला तीन पितळी खिळे. शेजारी घड्याळ उलटं पळत होतं: सवलत संपायला इतकी मिनिटं उरली. त्या घाईत मी एकही प्रश्न न विचारता पैसे भरले, आणि तिथेच फसले.

टँग म्हणजे पात्याचा मुठीत शिरणारा भाग. फुल टँगमध्ये पोलादाची पट्टी मुठीच्या शेवटापर्यंत जाते आणि तिच्या दोन्ही बाजूंना लाकडाचे तुकडे बसवतात. म्हणून मुठीच्या कडेला, वर आणि खाली, पोलादाची रेघ दिसते. जाहिरातीतल्या फोटोत ती रेघ होती. माझ्या हातात आलेल्या चाकूची मूठ मात्र चारी बाजूंनी लाकडाने बंद होती. पार्सल उघडलं तेव्हा मी नक्षीच न्याहाळत बसले. फोटो आणि वस्तू शेजारी शेजारी ठेवून पाहिली असती, तर त्याच दिवशी परत पाठवता आली असती.

घरी येऊन मी मूठ मधोमध फोडली. आत पेन्सिलपेक्षाही बारीक सळी होती, जेमतेम तीन सेंटिमीटर, पात्याला एका ठिपक्याने वेल्डिंग करून चिकटवलेली. बाकी पोकळीत पिवळट गोंद भरला होता. ते तीन खिळे म्हणजे वरून चिकटवलेल्या टिकल्या, आरपार एकही गेला नव्हता. मग नक्षीवर पॉलिश पेपर घासला. थोड्याच वेळात लहरी पुसल्या गेल्या आणि खाली सपाट, एकरंगी पत्रा निघाला.

खऱ्या दमास्कसमध्ये दोन वेगळी पोलादं तापवून, ठोकून थरांनी जोडलेली असतात, त्यामुळे त्या रेघा पात्याच्या पाठीवरूनही गेलेल्या दिसतात. घासल्यावर त्या मंद होतात, पण आम्लात बुडवलं की पुन्हा उठतात. माझ्या चाकूची पाठ पहिल्या दिवसापासून कोरी होती. आणि दमास्कस दोन पोलादांचं असतं, तर सबंध पात्याला ‘४४०’ हे एकाच गंजरोधक पोलादाचं नाव कसं लागेल? शिवाय नुसत्या ४४० ला फारसा अर्थ नाही. त्यात ए, बी, सी असे प्रकार आहेत. ४४०-सी मध्ये कार्बन सुमारे १ टक्का असतो, ४४०-ए मध्ये ०.६ ते ०.७५ च्या आसपास, आणि धार किती टिकेल हे बरंचसं त्यावर आणि पाणी कसं दिलंय, म्हणजे पोलाद तापवून झटकन थंड कसं केलंय, त्यावर ठरतं. ‘सर्जिकल स्टील’ हे तर कुठल्या एका पोलादाचं नावच नाही. मी धारेवर कानस फिरवून पाहिली. नीट पाणी दिलेल्या पोलादावरून कानस घसरते, इथे ती सरळ रुतली.

एक गोष्ट मुद्दाम सांगते, नाहीतर विक्रेते तिचाही आडोसा घेतात. बारीक टँग म्हणजे फसवणूक, असं नाही. फिनलंडच्या पुक्को चाकूंना पिढ्यान्‌पिढ्या बारीकच टँग आहे, पण चांगल्या पुक्कोत ती मुठीत खोलवर जाते, काहींत तर आरपार जाऊन टोकाला ठोकलेली असते. तो चाकू कोरायला, सोलायला उत्तम, आणि तो फुल टँग म्हणून कोणी विकत नाही. माझा राग या खोटेपणावर आहे.

तक्रार केल्यावर उत्तर आलं की परतीची मुदत संपली आणि चाकूचा ‘गैरवापर’ झाला. लाकूड फोडतानाचाच फोटो त्यांच्या जाहिरातीत होता, तो मी पाठवला. त्यावर अर्धे पैसे देऊ केले, पण अट अशी की मी लिहिलेला वाईट अभिप्राय काढून टाकायचा. मी नाही काढला. त्या पानावरचे सगळे पाच तारे असेच जमवले असतील का, हा विचार अजून मनातून जात नाही.

आता सॅकमध्ये ८-१० सेंटिमीटर पात्याचा साधा चाकू असतो आणि लाकडासाठी फोल्डिंग करवत. मुक्कामात चाकूचं काम म्हणजे दोरी, टेप, पाकिटं, आग पेटवायला ढलप्या, एवढंच. त्याला हातभर पातं लागत नाही. पाठीवरच्या करवतीच्या दातांनी लाकूड कधीच कापलं नाही, उलट घाव घालताना वरचं लाकूड त्यांत अडकायचं. कुऱ्हाड पायी चालताना मी नेतच नाही. घडीचा चाकू घेणार असाल तर पातं उघडून लॉक लावा आणि पाठ लाकडावर हलकेच दाबून बघा. लॉक सुटलं तर तो चाकू नको, कारण काम करताना तेच पातं बोटांवर मिटेल. विकत घेण्याआधी मी मुठीच्या कडेचा आणि पात्याच्या पाठीचा फोटो मागते. ज्यांच्याकडे माल खरा असतो, ते पाठवतात.

गेल्या आठवड्यात तोच चाकू पुन्हा दिसला. विक्रेत्याचं नाव वेगळं, घड्याळ तसंच उलटं पळणारं, आणि फोटोही तोच, मुठीच्या कडेला पोलादाची रेघ असलेला.