सुताराच्या पोराला पटाशीत फसवलं, 3,649 रुपये गेले

लाज वाटते लिहायला, वडील चाळीस वर्षं सुतारकाम करत होते आणि मी पटाशीतच, म्हणजे लाकूड कोरायच्या हत्यारातच, फसलो. पण माझंही ऐका, चौकटीचं काम अंगावर होतं, जुन्या पटाशीची मूठ फुटलेली, दुकानात जायला वेळ नव्हता आणि रात्री मोबाइलवर जाहिरात आली. सहा पटाश्या, 6 ते 32 मिमी, क्रोम व्हॅनेडियम, शिसवी मुठी, फक्त 2,499. कॅश ऑन डिलिव्हरी नाही. पुढचं तुम्हाला माहितीच आहे. वर "परत मिळणारं डिपॉझिट" म्हणून 1,150 मागितले, तेही दिले.

फोटोतल्या सहाही मुठींवर गाठ एकाच जागी, एकसारखी होती हो! सहा वेगवेगळ्या लाकडांना तीच गाठ कशी येईल? मी ती बघितली, आणि "काय सुंदर रेषा आहेत" म्हणून बायकोला दाखवली. पैसे पाठवताना नाव कुठल्यातरी मोबाइल शॉपीचं आलं, तरी पिन टाकलाच.

पार्सल आलं. बाभळीत भोक पाडायला घेतली तर दोन ठोक्यांत धार दुमडली, पोलादाला पाणीच दिलेलं नाही, म्हणजे तापवून विझवून कडक केलेलंच नाही. कानस लावली तर लोण्यासारखी चावली, पाणी दिलेल्या धारेवर ती घसरते. घामाने तळहात लाल झाला, शिसव कसलं, रंग मारलेलं हलकं लाकूड! तिसऱ्या ठोक्याला मूठ उभी चिरली, वर लोखंडी कडं नव्हतंच. हातोडी मारणार असाल तर कडं बघूनच घ्या. आणि रोजच्या कामाला चांगली प्लास्टिकची मूठ चालते, उगाच नाक मुरडू नका, नाहीतर सुटं पातं आणून बाभळीची मूठ स्वतः बसवा.

चौकीत गेलो तर म्हणे सायबरला जा, सायबरवाले म्हणे वस्तू तर मिळालीय ना, मग चौकीत जा. बँक म्हणाली पिन तुम्हीच टाकलात. (सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला, लगेच फोन करा, मी चार दिवस वाट बघत बसलो, तिथेच घाण झाली.) तीन खेपा, दोन दिवसांची मजुरी बुडाली ती वेगळीच. शेवटी एका साहेबांनी "पटाशी म्हणजे काय?" विचारलं, मी हातवारे करून समजावलं, त्यांनी मान डोलावली आणि अर्जावर लिहिलं: "चाकू, नग सहा". वर मलाच विचारतात, एवढे चाकू कशाला मागवले होते?