सेमी-इंग्रजीचे दहा महिने : सत्तेचाळीस, फॉर्टी सेव्हन आणि नलभै एडु

आम्ही सोलापुरात विडी घरकुलात राहतो. घरात तेलुगू, गल्लीत मराठी. लेक सरकारी शाळेत दुसरीला, सेमी-इंग्रजीच्या वर्गात. म्हणजे गणित इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. जूनपासून रोज संध्याकाळी तिच्याजवळ अभ्यासाला बसते, त्यावरून हे लिहितेय.

सप्टेंबरातली गोष्ट. बाईंनी 'सत्तेचाळीस' सांगितलं, हिनं ७४ लिहिलं. लक्ष नसेल म्हणून मी रागावले. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग एकदा अव्वाच्या, म्हणजे आजीच्या, सुपातल्या विड्या मोजताना तिला ऐकलं : नलभै ऐदु, नलभै आरु, नलभै एडु. एकही आकडा चुकला नाही. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तेलुगूत चाळीस आधी, सात नंतर. इंग्रजीतही तसंच, फॉर्टी सेव्हन. मराठीत मात्र सात आधी येतो. पोरीनं कानावर पडलं त्याच क्रमानं लिहिलं होतं. उगाच रागावले, याचं अजून वाईट वाटतं.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक', 'वीस दोन' असं वाचन आलं, तेव्हा केवढी टीका झाली होती. त्यामागची अडचण मला आत्ता कळतेय.

त्या दिवसापासून आम्ही वहीत एकाच ओळीत तिन्ही नावं लिहितो. दिवाळीपर्यंत आकडे सरळ झाले. बेरीज-वजाबाकी तर ती भराभर करते. इंग्रजी शब्दांची भीती नाही, हे सेमीचं श्रेय आहेच, आणि तेही फी न भरता.

अडतं ते शाब्दिक उदाहरणांत. शिकवताना बाई मराठीत समजावतात, पेपर मात्र इंग्रजीत. 'हाऊ मेनी आर लेफ्ट' वाचलं की हिचा हात थांबतो. तेच मी तेलुगूत विचारलं की उत्तर तयार! गणित येतंय, मार्क जातात ते भाषेचे. बाईंना दोष देत नाही. पन्नासेक मुलं, घरोघरी तेलुगू, कन्नड, उर्दू, आणि दोन भाषांतून गणित कसं शिकवायचं याचं प्रशिक्षण त्यांना मिळालेलं नाही.

म्हणून सेमी बंद करा असं मी म्हणणार नाही. पण सुधारणा हवीच. निदान चौथीपर्यंत प्रश्न दोन्ही भाषांत छापावा, तोंडी उत्तर मूल देईल त्या भाषेत घ्यावं. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करा, असं राज्यघटनेच्या ३५० क कलमात १९५६ पासून आहे. २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरणही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या किंवा स्थानिक भाषेचं माध्यम सांगतं. आमच्या वर्गात मात्र घरची भाषा दाराबाहेरच राहते.

तिसरीलाही सेमीच ठेवणार आहे. दोन भाषांतल्या प्रश्नपत्रिकेची मागणी पालकसभेत लेखी दिलीय, शेजारच्या अकरा आयांच्या सह्यांसकट.