‘एफडीसारखंच आहे, काका’: बँकेत गळ्यात पडणारी पॉलिसी आणि त्यानंतर येणारे फोन

मुदत संपलेली एफडी नव्याने करायला माणूस बँकेत जातो आणि आयुर्विम्याची पॉलिसी घेऊन घरी येतो. आपण काय घेतलं हे त्याला कळतं वर्षभराने, खात्यातून आणखी एक लाख रुपये वजा झाल्याचा मेसेज येतो तेव्हा. तो शाखेत धावतो. तिथे ‘ते साहेब बदलून गेले’ असं उत्तर मिळतं आणि ते बहुधा खरंही असतं. नवीन साहेब छापील कागद पुढे करतात. त्यावर सही याचीच असते.

हा प्रकार बेकायदा योजनेचा नाही, म्हणूनच तो पकडायला अवघड. बँक खरी, विमा कंपनी खरी, पॉलिसीही खरी. खोटं असतं ते फक्त तोंडी सांगितलेलं.

आकडे डोक्यात बसावेत म्हणून एकच नमुना शेवटपर्यंत वापरू. वर्षाला 1,00,000 रुपये हप्ता, दहा वर्षं भरायचा आणि पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर 16,00,000 रुपये हमखास. काउंटरवर हे असं सांगितलं जातं: ‘काका, दहाचे सोळा होतात. साठ टक्के नफा, म्हणजे वर्षाला सहा टक्के, तोही करमुक्त. एफडीवर टॅक्स कापला की हातात काय उरतं?’ दहा वर्षं हप्ता भरायचा आहे हे कित्येकदा सांगितलंच जात नाही. ‘पहिल्या वर्षी टाका, पुढे जमलं तर टाका’ म्हणतात. आणि साठला दहाने भागणं हे गणित नाही, हातचलाखी आहे. पहिला लाख पंधरा वर्षं अडकतो आणि दहावा सहा वर्षं. हा काळ त्या भागाकारात कुठेच येत नाही.

खरा परतावा काढायला एक्सेल किंवा गुगल शीट पुरे. एका रकान्यात पहिल्या दहा ओळींत वजा 1,00,000 लिहा, पुढच्या पाच ओळींत शून्य आणि सोळाव्या ओळीत अधिक 16,00,000. मग आयआरआर (IRR, गुंतवणुकीवरचा वार्षिक परतावा काढणारं) हे सूत्र लावा. उत्तर येतं 4.5 टक्के. इथे एक खाचखळगा आहे. मधल्या पाच ओळींत शून्य न टाकता त्या मोकळ्या सोडल्या, तर एक्सेल त्या मोजतच नाही आणि उत्तर 8.4 टक्के दाखवतं. हिशोब करून घेतल्याचं समाधान मिळतं आणि आकडा मात्र जवळपास दुप्पट चुकलेला असतो. कुणी फोनवर तयार शीट दाखवून ‘बघा, आठच्या वर जातंय’ म्हणालं, तर आधी त्या पाच ओळी बघा.

तुलनेला पीपीएफ घेऊ, कारण त्याचीही मुदत पंधरा वर्षांची आणि व्याजही करमुक्त. एप्रिल 2020 पासून तिथला दर 7.1 टक्के आहे. सरकार तो दर तिमाहीला ठरवतं, त्यामुळे पुढे बदलू शकतो. तोच दर धरून दहा वर्षं दर एप्रिलच्या पाच तारखेच्या आत लाख भरला आणि पुढची पाच वर्षं खातं चालू राहण्यापुरते 500 रुपये टाकले, तर पंधरा वर्षांनी सुमारे 20.98 लाख होतात. पॉलिसीच्या 16 लाखांशी जवळपास पाच लाखांचा फरक. ‘पण त्यात विमाकवच आहे ना!’ आहे, बहुतेक दहा लाखांचं, म्हणजे हप्त्याच्या दहापट. कमावत्या माणसाच्या घराला दहा लाख किती दिवस पुरणार? आणि तेवढ्या कवचाचा शुद्ध टर्म विमा, म्हणजे फक्त मृत्यूनंतर पैसे देणारा, बचत नसलेला विमा, धडधाकट पस्तिशीच्या माणसाला वर्षाला काही हजारांत मिळतो. साठी ओलांडलेल्या, कुणीही अवलंबून नसलेल्या माणसाला तर कवच लागतच नाही. त्याच्यासाठी ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे, तीस लाखांपर्यंत. पण पोस्टातल्या त्या योजनेवर बँकेच्या रिलेशनशिप मॅनेजरचं टार्गेट पूर्ण होत नाही.

आता कागदांकडे. काकांचं वय साठीच्या पुढे असेल तर विमा त्यांच्या जिवावर न काढता मुलाच्या किंवा नातवाच्या जिवावर काढतात आणि काका नुसते हप्ता भरणारे प्रस्तावक राहतात. वर्षाला लाखाचा हप्ता परवडतो असं दिसावं म्हणून पेन्शनीत माणसाचा व्यवसाय ‘बिझनेस’ आणि उत्पन्न आठ-दहा लाख लिहिलं जातं. प्रस्ताव अर्जाची प्रत पॉलिसीबरोबर येते, ती पहिल्यांदा वाचा. खोटं उत्पन्न किंवा न केलेला धंदा त्यात दिसला तर तो तुमच्या तक्रारीतला सगळ्यात भक्कम पुरावा. पेन्शनचं पासबुक समोर ठेवलं की तो मुद्दा खोडणं कंपनीला जड जातं.

सहीची जागा आता ओटीपीने घेतली आहे. ‘केवायसी अपडेटचा ओटीपी आलाय, सांगा’ म्हणून घेतलेला तो आकडा पुष्कळदा प्रस्ताव अर्ज आणि लाभाचं कोष्टक मान्य असल्याची तुमची सही असते. ओटीपीच्या मेसेजमध्ये तो कशासाठी आहे हे लिहिलेलं असतं. आकडा वाचून दाखवण्याआधी तेवढी एक ओळ वाचा.

आणि मग येतो पडताळणीचा कॉल. पॉलिसी देण्याआधी विमा कंपनी फोन करून किंवा लिंक पाठवून विचारते: हा आयुर्विमा आहे हे माहीत आहे का, हप्ता दहा वर्षं भरायचा आहे हे माहीत आहे का, ही मुदतठेव नाही हे सांगितलं आहे का, बोनस, कर्ज किंवा नोकरीचं आमिष दाखवलेलं नाही ना. हे प्रश्न तुमच्यासाठी आहेत. विकणारा मात्र आधीच पढवून ठेवतो, ‘फॉर्मॅलिटीचा कॉल येईल, सगळ्याला हो म्हणा, नाहीतर एफडी अडकेल.’ पुढे तुम्ही तक्रार केली की कंपनी पहिल्यांदा काय सादर करते? हेच रेकॉर्डिंग, तुमच्या आवाजातल्या सात-आठ ‘हो’सकट. त्या कॉलवर ‘मला एफडी सांगितली आहे’ एवढं एकच वाक्य बोललात, तरी पॉलिसी तिथेच अडते.

एफडीची पावती आणि पॉलिसी यांतला फरक ओळखायला अर्थशास्त्र लागत नाही. पावतीवर तुम्हाला मिळणारा व्याजदर असतो, पॉलिसीवर तसा नसतो. पॉलिसीवर दोन वेगळ्या मुदती असतात, हप्ता भरण्याची आणि पॉलिसीची. पावतीवर एकच. चेक लिहिताना तर सरळच कळतं: एफडीसाठी विमा कंपनीच्या नावाने चेक कशाला? बँकेतल्या ठेवीला व्याजासह पाच लाखांपर्यंत ठेव विमा महामंडळाचं संरक्षण आहे. ते पॉलिसीला लागू नाही, ‘बँकेतूनच घेतली’ असली तरी.

लॉकर हे दुसरं आमिष. ‘लॉकर हवाय तर पॉलिसी घ्या.’ रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे लॉकर देताना बँक तीन वर्षांचं भाडं आणि गरज पडल्यास लॉकर फोडण्याचा खर्च निघेल एवढी मुदतठेव मागू शकते. विम्याची अट घालू शकत नाही. गृहकर्जाला चिकटवल्या जाणाऱ्या पॉलिसीचंही तेच. ‘लेखी द्या’ म्हटलं की ही अट बहुधा तिथल्या तिथे विरघळते.

पॉलिसी हातात पडलीच, तर दस्तऐवज मिळाल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. याला फ्री लूक म्हणतात. तेवढ्या दिवसांचा जोखमीचा खर्च, मुद्रांक शुल्क आणि वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च कापून बाकी पैसे परत मिळतात. आपल्या नमुन्यात लाखातले थोडेसेच जातील. यासाठी शाखेत नुसतं सांगून चालत नाही. ‘सांगतो वरती’ या उत्तरात तीस दिवस आरामात जातात. विमा कंपनीच्या अधिकृत ईमेलवर पॉलिसी क्रमांक, दस्तऐवज मिळाल्याची तारीख, ‘फ्री लूक काळात पॉलिसी रद्द करावी’ हे वाक्य आणि रद्द केलेला चेक पाठवा. तोच अर्ज कंपनीच्या कार्यालयात देऊन पोच घ्या. दस्तऐवज कुरियरने आला असेल तर पाकीट फेकू नका, त्यावर तारीख असते. ईमेलने आला असेल तर त्या ईमेलची तारीख. काही अर्जांत ईमेल आणि मोबाइल विकणाऱ्याचाच घातलेला सापडतो, म्हणजे पॉलिसी ‘पोहोचली’ पण तुम्हाला कधी दिसलीच नाही. हेही तक्रारीत लिहा.

तीस दिवस उलटून गेल्यावर काय करायचं, यावर ‘मोडा आणि मोकळे व्हा’ असा सल्ला सगळीकडे मिळतो. तो नेहमी बरोबर नसतो. 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या नियमांत एक वर्षाचा पूर्ण हप्ता भरून पहिलं वर्ष संपलं की काही सरेंडर मूल्य, म्हणजे पॉलिसी मुदतीआधी मोडल्यावर परत मिळणारी रक्कम, मिळतं. त्याआधीच्या बहुतेक पॉलिसींत दोन वर्षांचे हप्ते भरल्याशिवाय काहीच हाती लागत नसे, आणि तिसऱ्या वर्षी किमान हमी भरलेल्या रकमेच्या 35 टक्के. आपल्या नमुन्यात समजा तीन हप्ते गेले आहेत आणि कंपनी 1,05,000 द्यायला तयार आहे. गेलेले तीन लाख आता हिशोबात धरायचेच नाहीत. आज हे 1,05,000 सोडायचे, उरलेले सात हप्ते भरायचे आणि बारा वर्षांनी 16 लाख घ्यायचे, असं नव्याने मांडलं तर पुढच्या पैशावर सुमारे साडेसात टक्के पडतात. मुळात 4.5 टक्क्यांची असलेली पॉलिसी इथून पुढे पीपीएफच्या तोडीची ठरते, कारण तोटा सगळा सुरुवातीच्या वर्षांत होऊन गेलेला असतो. ज्याला हप्ता परवडतो त्याने ती मोडून दुप्पट तोटा करून घेऊ नये. ज्याला परवडत नाही त्याने पेड-अपचा पर्याय विचारावा, म्हणजे हप्ते बंद आणि कमी झालेली रक्कम मुदतीअंती. सरेंडर मूल्य जास्त मिळत असेल तर उत्तर बदलेल, म्हणून दोन्ही आकडे कंपनीकडून लेखी घ्या आणि मगच शीट उघडा. जुन्या पॉलिसीत हप्त्यावर जीएसटीही भरलेला असतो, पहिल्या वर्षी 4.5 टक्के आणि पुढे 2.25 टक्के. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर तो शून्य झाला. शीटमध्ये टाकायचा तो प्रत्यक्ष खात्यातून गेलेला आकडा.

हप्ता थांबवायचं ठरलं तर बँकेतलं ऑटो-डेबिट मँडेट, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापायची तुम्ही दिलेली परवानगी, स्वतः रद्द करा. पॉलिसी बंद करायचा अर्ज दिला म्हणून मँडेट आपोआप बंद होतं असं धरून चालू नका.

फसवून विकल्याची तक्रार आधी विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी द्यायची. सोबत आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेच्या विमा भरोसा पोर्टलवर किंवा 155255 वर नोंदवायची. उत्तर पटलं नाही किंवा तीस दिवसांत आलंच नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जायचं. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही, पन्नास लाखांपर्यंतची प्रकरणं चालतात. सुनावणीत ‘मला फसवलं’ यापेक्षा कागद बोलतात: मुदत संपलेल्या एफडीची पावती, त्याच दिवशी वळते झालेले पैसे दाखवणारं पासबुक, खोटं उत्पन्न लिहिलेला अर्ज, विकणाऱ्याचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज. ते मेसेज आजच एक्स्पोर्ट करून ठेवा.

बंद पडलेल्या पॉलिसीचा माणूस पुन्हा एकदा फसतो, आणि दुसऱ्यांदा जास्त वाईट. फोन येतो ‘आयआरडीएआय, हैदराबाद’ किंवा ‘लोकपाल कार्यालय’ या नावाने. पलीकडच्याला पॉलिसी क्रमांक, हप्ता, जन्मतारीख सगळं ठाऊक असतं. त्यामुळे विश्वास बसतो. ‘तुमच्या पॉलिसीवर एजंटचं कमिशन जमा झालंय, तीन लाख ऐंशी हजार, ते तुमच्या नावे वळतं करायचं तर 49,999 ची एक छोटी पॉलिसी घ्यावी लागेल, ती रिफंडेबल आहे.’ पैसे एखाद्या खाजगी व्यक्तीच्या खात्यावर मागितले तर पुष्कळजण सावध होतात. पण कधी चेक खरोखरच्या विमा कंपनीच्या नावाने मागतात आणि खरोखरची नवी पॉलिसी घरी येते. मग शंका घ्यायला जागा कुठे राहिली? रिफंडला मुदत सांगितलेली असते पंचेचाळीस दिवसांची. फ्री लूकचे तीस दिवस त्यात गपचूप निघून जातात. त्यानंतर ‘फाइल चार्ज’, ‘टीडीएस’, ‘एनओसी’ म्हणून मागण्या येत राहतात.

आयआरडीएआय कुणाला फोन करून बोनस वाटत नाही, पॉलिसी विकत नाही आणि कुणाचे हप्तेही गुंतवत नाही. अशा फोनवर पैसे गेलेच असतील तर आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, नंतर घरच्यांना. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवले गेले तरच परत मिळण्याची आशा असते. आणि गेलेला पैसा नव्या खऱ्या पॉलिसीत अडकला असेल, तर दस्तऐवज मिळाल्याची तारीख पाहून त्याच दिवशी फ्री लूकचा ईमेल धाडा, पंचेचाळीस दिवसांची वाट न बघता.